विद्यापीठाच्या आवारातली बालवाडी

विद्यापीठात बालविकास शिकायला आलेल्या विद्यार्थिनीला आवारातल्या बालवाडीत पहिल्या दिवसापासून मुलांसमोर उभं करू नये. आधी कोपऱ्यात बसवावं आणि हातात वही द्यावी. ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘एकलकोंडा’ असे शब्द वहीत आले, की बाईंनी ते खोडायला लावावेत. त्या जागी जे डोळ्यांना दिसलं तेवढंच हवं. म्हणजे असं: तीन वर्षांची मुलगी वाळूच्या हौदाशी येऊन उभी राहिली. दोन मुलं खेळत होती, त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. फ्रॉकचा काठ मुठीत होता. एकाच्या हातून वाटी पडली. तिने वाकून ती उचलली, त्याला दिली आणि तिथेच फतकल मारून बसली. मग तीही वाळू भरायला लागली.

‘लाजाळू’ लिहून वही मिटली असती, तर खेळात शिरायला तिने शोधलेली वाट कुणाला कळलीच नसती. शिक्षक होण्याची सुरुवात इथून होते, असं मला मनापासून वाटतं.

*

विद्यापीठाच्या आवारात मुलांची शाळा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंनी १८९६च्या जानेवारीत शिकागो विद्यापीठात शाळा काढली. मुलं सोळा, शिक्षक दोन. शिक्षणाचा विचार मुलांच्या रोजच्या कामात घासून बघायचा, ही त्यामागची कल्पना. स्वयंपाक, शिवण, सुतारकाम हेही तिथले विषय होते. ड्यूई १९०४मध्ये विद्यापीठ सोडून गेले, शाळा मात्र आजही चालू आहे.

*

विद्यापीठांच्या बालवाड्यांमधून संशोधनही होतं. स्टॅनफर्डच्या नर्सरीतल्या ७२ मुलांवर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहुलीचा प्रसिद्ध प्रयोग केला. तो १९६१मध्ये छापून आला. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं स्वतःही तसंच करू लागली. पुढे १९६६मध्ये त्याच विद्यापीठात बिंग नर्सरी स्कूल उभं राहिलं आणि मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे मार्शमेलो या मऊ, गोड खाऊचे प्रयोग तिथे झाले. समोर खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. मिशेल यांच्या स्वतःच्या मुलीही याच शाळेत होत्या. त्या घरी वर्गमित्रांबद्दल बोलायच्या, त्यावरून या मुलांचं पुढे काय होतं ते तपासायचं त्यांच्या मनात आलं.

जास्त थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस ठरली, एवढंच जगाने उचललं. पण ती मुलं बहुतेक विद्यापीठाच्या परिसरातल्या सुस्थित, शिकलेल्या घरांतली होती. २०१८मध्ये कितीतरी मोठ्या आणि वेगवेगळ्या घरांतल्या मुलांच्या गटावर पडताळणी झाली. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. आवारातल्या बालवाडीत जे दिसतं ते सगळ्या मुलांचं म्हणून सांगण्याआधी, आवारात कोणाची मुलं येतात हे विचारायलाच हवं.

*

मला जास्त मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला याच धर्तीचा अभ्यास. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तो २०१३मध्ये प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. आधी चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देते असं सांगायचं. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. बाकीच्यांना ‘चुकलंच माझं, नाहीये’ अशा अर्थाचं काहीतरी सांगून होतं त्यातच भागवायला लावलं. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं.

शिकाऊ शिक्षिकांच्या प्रत्येक तुकडीला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ‘उद्या तुला लाल कागद देते’ असं सहज म्हणून गेलात, तर उद्या लाल कागद आणा.

*

शब्द पाळण्याच्या बाबतीतच आवारातल्या बालवाडीची खरी अडचण आहे. विद्यार्थिनी सत्रापुरत्या येतात. जर्नल पूर्ण होतं, सह्या होतात, परीक्षा लागतात आणि मांडीवर बसायची सवय झालेल्या मुलाची ताई एका सोमवारी येत नाही. विद्यापीठाचं वेळापत्रक मुलांना कसं कळणार? म्हणून वर्षानुवर्षं तिथेच असणाऱ्या बाई आणि मावशी हा अशा बालवाडीचा कणा असतो. कोणाला डब्यातली गवार चालत नाही, कोणाचा लहान भाऊ दवाखान्यात आहे, हे त्यांना माहीत असतं. विद्यापीठाने त्यांना कायम नेमणूक आणि सन्मानाचा पगार द्यावा. इमारतीच्या रंगकामाआधी द्यावा.

*

भाषेचाही प्रश्न आहे. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मधलं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांनी स्वतः गुजरातीत मुलांसाठी पुस्तकं लिहिली. तिथल्या, पूर्वी गृहविज्ञान म्हणवल्या जाणाऱ्या शाखेच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी आहे. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. आजीशी मराठी, गल्लीत गुजराती, आणि आईबापांना हवी इंग्रजी, अशी तिथली किती मुलं असतील! अशा मुलाने रडत ‘पोटात दुखतंय’ म्हटलं, तर ते समोरच्या ताईला कळलं पाहिजे. प्रवेशाच्या वेळी घरातले दहा-वीस शब्द आईकडून लिहून घ्यावेत. भूक, शू, झोप, भीती आणि मूल जवळच्या माणसांना ज्या नावांनी हाक मारतं ती नावं.

*

पालक विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न झटकू नये. त्यामागे फीचा हिशेब असेल, धास्तीही असेल. त्यांनाही अर्धा तास वर्गाच्या कडेला बसवावं, आणि शेजारी वहीवाली विद्यार्थिनी असावी. घरी भरवावं लागणारं आपलं मूल इथे स्वतःच्या हाताने केळं सोलतंय, हे आईने स्वतः पाहिलं की पुढचं बोलणं सोपं होतं. विद्यार्थिनीलाही पालकांशी बोलायचा सराव इथेच व्हावा. तो कुठल्याच पेपरात होत नाही.

*

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५पासून आणि पुढे १९५७पासून कोसबाडला काम केलं. त्या विद्यापीठाच्या आवारात नव्हत्या. मूल बालवाडीत येत नाही, कारण त्याला धाकट्या भावंडाला सांभाळायचंय, गुरं राखायचीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात आणि कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हे साहित्य. शिक्षिका तयार झाल्या त्याही तिथेच. विद्यापीठातल्या प्रत्येक तुकडीने सत्रातले काही आठवडे जवळच्या अंगणवाडीत काढावेत, असं मला आग्रहाने म्हणायचंय. एकाच सेविकेने पोषण आहार, वजनं, नोंदी सांभाळून मुलांना खेळवणं म्हणजे काय, ते तिथे कळेल.

*

सत्र संपताना: जाण्याच्या पंधरा दिवस आधी मुलांना सांगावं. भिंतीवर दिवस मांडावेत, रोज एक खूण मुलांनीच काढावी. पुढची ताई याच काळात येऊन बसू लागावी. शेवटच्या दिवशी मुलांनी ‘परत कधी येशील?’ असं विचारलं, तर जी येणार नसेल तिने ‘येईन’ म्हणू नये.