आयर्लंडची शिवारे आणि त्यांची नावे



तुमचे शेत कुठे, असे तलाठ्याने विचारले तर तुम्ही गट नंबर सांगता. पण पोराच्या हाती न्याहारी पाठवायची असली, की घरच्या बाईला 'चिंचेच्या पट्टीत' किंवा 'खालच्या मळ्यात' असेच सांगावे लागते. नंबरावर भाकरी पोचत नाही! आज तुम्हाला अशा देशाची ओळख करून देतो, जिथे शिवाराचे नाव तोंडी तर राहिलेच, पण सरकारी दप्तरातही शेकडो वर्षे टिकले.

हा देश म्हणजे इंग्लंडच्याही पलीकडे, पश्चिमेच्या समुद्रातले आयर्लंडचे बेट. बारमाही पाऊस, हिरवी कुरणे, गाई-मेंढ्या आणि दगड रचून घातलेले बांध. आपल्यासारखे दाटीचे गावठाण तिथे तुम्हाला क्वचितच दिसेल. ज्याचे घर त्याच्या रानात, आपल्याकडच्या वस्त्यांसारखे. मग पत्ता सांगायचा कसा? त्यासाठीच टाउनलँड. नावात 'टाउन' असले तरी तिथे शहर तर नाहीच, कधीकधी एकही घर नसते. टाउनलँड म्हणजे नाव आणि शीव असलेला जमिनीचा तुकडा.

वरून खाली उतरत आलो तर बेटाचे प्रांत चार, त्यांत बत्तीस काउंट्या, म्हणजे साधारण आपले जिल्हे. काउंटीत बॅरनी, बॅरनीच्या खाली सिव्हिल पॅरिश आणि सर्वांत खाली टाउनलँड. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा मुलूख. इंग्रजी अमलात सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चसाठी पिकाचा दहावा हिस्सा याच पॅरिशवार वसूल होई, आणि तो भरणारा शेतकरी बहुतेक कॅथलिक! १८३० नंतर या वसुलीवरून मोठे दंगे झाले. त्या काळचे वसुलीचे कागद मात्र पुढे शेतकऱ्यांच्या नातवंडांना आपले मूळ शोधायला उपयोगी पडले.

टाउनलँड बेटावर साठ हजारांहून अधिक आहेत. सरासरी धरली तर एकीत सव्वातीनशे एकर. पण मेयो काउंटीतली शेस्किन सात हजार एकरांची, तर टायरोनमधली एक पुरती एकरभरही नाही. असे का? माझ्यासारख्या मातीचे नमुने तपासायला पाठवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे उत्तर फार आवडले. जुन्या काळी तिथे जमीन साखळीने मोजत नसत. एका गायीचे रान, एका नांगराचे रान, अशी मापे असत. कसदार जमीन असेल तिथे थोडक्यात भागे, दलदल किंवा डोंगर असेल तिथे तेवढ्याच पोटाला कितीतरी अधिक रान लागे. कोकणातला माणूस 'खंडीची जमीन' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

या सगळ्याला कागदावर पक्के केले १८२४ साली सुरू झालेल्या सरकारी मोजणीने. हेतू करआकारणीचा. मैलाला सहा इंच या प्रमाणाने सबंध बेटाचे नकाशे झाले आणि काम १८४६ पर्यंत चालले. इथे आपलाही एक धागा आहे. हिंदुस्थानची मोजणी करणारा जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ साली हे काम पाहायला आयर्लंडला गेला होता. तिथल्यासारख्याच धातूच्या मोजपट्ट्या तो इकडे घेऊन आला आणि १८४१ साली बीदरजवळची आधाररेषा त्यांनीच मोजली गेली.

शिवा ठरल्या, पण नावांचे काय? ती होती आयरिश भाषेतली, आणि लिहायची होती इंग्रजीत. जॉन ओ'डोनोव्हन नावाचा विद्वान १८३४ पासून काउंटी-काउंटी फिरला, म्हाताऱ्या माणसांकडून उच्चार ऐकले, जुनी हस्तलिखिते पाहिली. त्याने मूळ आयरिश रूपे टिपून ठेवली हे उपकारच. नकाशावर मात्र उच्चाराच्या जवळपास जाणारी इंग्रजी रूपे छापली गेली, आणि आयरिश न जाणणाऱ्याला त्यांचा अर्थ उरला नाही. 'नॉक' म्हणजे टेकडी, 'क्लून' म्हणजे कुरण, 'गॉर्ट' म्हणजे पिकाचे शेत, 'किल' म्हणजे बहुधा चर्च. 'डेरी' म्हणजे ओकच्या झाडांची राई. दुधाच्या डेअरीशी तिचा काही संबंध नाही.

नकाशे पुरे होत असतानाच १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. आपण ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतो तोच. गरीब कुळांचे सारे पोट त्या एका पिकावर होते. चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. कित्येक शिवारांत भिंती तेवढ्या राहिल्या. परदेशी गेलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आज शोध घेत येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, टाउनलँड कोणती? नुसते 'मर्फी, काउंटी कॉर्क' सांगून काही होत नाही. मर्फी तिथे आपल्या पाटलांइतके! त्यात १९२२ साली डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले आणि जुन्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रे गेली. म्हणून १८४७ ते १८६४ च्या जमीन आकारणीच्या याद्या पाहतात. त्यात टाउनलँडवार कुळाचे नाव, मालकाचे नाव, घर आणि जमीन लिहिलेली आहे.

बेटाचा उत्तरेकडचा सहा काउंट्यांचा भाग ब्रिटनकडे आहे. तिथे १९७० नंतरच्या दशकात टपाल खात्याने रस्त्याचे नाव आणि घर नंबर असा पत्ता सुरू केला, आणि टाउनलँडचे नाव पत्त्यातून गळू लागले. खेडुतांना ते रुचले नाही. आजोबांच्या पत्रावर असलेले नाव बाद, आणि ज्या वाटेने जनावरे नेली तिला कचेरीत बसून दिलेले नवे नाव! शेतकरी, शिक्षक, इतिहास मंडळे यांनी मोहीम चालवली. फर्मॅना काउंटीने आपली नावे पत्त्यात टिकवून धरली. २००१ साली तिथल्या विधानसभेने ठराव केला, की सरकारी खात्यांनी पत्रव्यवहारात टाउनलँडचे नाव वापरावे.

दक्षिणेतल्या आयरिश प्रजासत्ताकात तर २०१५ पर्यंत खेड्यातल्या घराला नंबर नव्हता. एकाच टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची अनेक घरे, सगळ्यांचा पत्ता एकच. कोणाचे पत्र कोणाचे, हे पोस्टमनच्या डोक्यात. काही भागांत माणसाच्या नावापुढे बाप आणि आजा यांची नावे जोडून ओळखतात. आपल्याला त्यात नवल नाही. त्या वर्षी प्रत्येक घराला सात अक्षर-अंकांचा वेगळा कोड मिळाला. रुग्णवाहिकेला घर झटकन सापडावे यासाठी तो चांगलाच आहे. पण कोड पत्त्याच्या शेवटच्या ओळीत बसवला, आणि वर टाउनलँडचे नाव होते तसेच ठेवले.