नाथसागरांतील द्वीप आणि अनूप

अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा, समुद्रापासून दूर व अवर्षणासाठीं प्रसिद्ध. तेथें बेटें पाहावयास जावें असें म्हटल्यास वाचक हंसतील. परंतु आम्ही माघांत प्रवरासंगमीं उतरून गोदाकांठानें शेवगांवकडे गेलों, तेव्हां पैठणच्या नाथसागराचें विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडलें. त्यांत सुमारें ३० बेटें आहेत.

ह्या धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली. १९७६ सालीं त्याचें उद्घाटन झालें आणि १९८६ सालीं हा सुमारें ३४१ चौरस किलोमीटरांचा प्रदेश पक्षी-अभयारण्य ठरला.

गोदावरीचें खोरें येथें सपाट असल्यामुळें पाणी उथळ पसरतें, व तें ओसरूं लागलें म्हणजे दूरवर चिखल उघडा पडतो. अशा जलमय भूमीस संस्कृतांत ‘अनूप’ म्हणतात. द्वीप व अनूप हे दोन्ही शब्द पाणीवाचक ‘अप्’ शब्दापासूनच झाले आहेत. तेथें गुलाबी पंखांचे रोहित व चक्रवाक चरतात; हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात.

पण त्याच गाळांत शेतकरीही पेरणी करितात. इतरांचीं शेतें भिजावीं म्हणून ज्यांचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, त्यांस पुन्हां ‘ऊठ’ म्हणणें शोभत नाहीं. आणि दूरच्या अतिथींस हांकून लावणें हाही आपला धर्म नव्हे. पाण्यालगतची ओली कड पक्ष्यांस सोडावी, वरचा वाळता गाळ पेरावा. एवढा शेजारधर्म उभयतांस झेपण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.