घाटावरचा समुद्र

समुद्र किनाऱ्यावरच्या लोकांचा आणि पाऊस घाटमाथ्यावरच्या लोकांचा, अशी आपली जुनी वाटणी आहे. खानापूर तालुक्यातील आपल्या कित्येक कुटुंबांतील कर्ते पुरुष जहाजावर चाकरीला आहेत. परंतु त्यांच्या मुलांना समुद्र ठाऊक आहे तो गोव्याच्या सुट्टीतील दोन दिवसांपुरताच. त्यामुळे जहाजावरून परतलेल्या आपल्या एका बांधवाने धर्मग्रामाच्या वाचनालयाला खाऱ्या पाण्याची काचेची पेटी भेट दिली, तेव्हा मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिची देखभाल मुलांच्या साहाय्याने मी दोन वर्षे करीत आहे. आता इतर घरांतूनही तशी पेटी ठेवावी अशी इच्छा दिसते. काहींनी घाईने मासे आणले व ते आठवड्यात मेले, असेही कानी आले. म्हणून हे चार शब्द.

ही हौस आजकालची नव्हे. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी लंडनला आपल्या घरी नेली. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीतील धर्माधिकारी होते. लंडन समुद्रापासून दूर. रोज ताजे पाणी कोठून आणणार? म्हणून त्याच पाण्यात हवा मिसळावी यासाठी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हापुन्हा ओतले जाई. पुढे बाईंनी त्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या, आणि ती पोवळी दीर्घकाळ जगली. ओतण्याचे ते काम आज विजेचा लहानसा पंप करतो. बाकी तत्त्व तेच आहे. आपण मासे पाळीत नसून पाणी पाळीत असतो. पाणी निरोगी असेल, तरच त्यातील जीव जगतात.

नवशिक्याने अगदी लहान पेटी घेऊ नये. थोडे पाणी लवकर तापते व लवकर बिघडते. आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच आहे. तीत खडक व वाळू मांडल्यावर सुमारे साठ लिटर पाणी मावते. एवढ्या पेटीचे वजन ऐंशी किलोंच्या घरात जाते, तेव्हा तिच्याखालचे टेबल भक्कम व समतल हवे. खिडकीतले ऊन तिच्यावर पडू देऊ नये. ऊन पडले की शेवाळ माजते.

पाणी खारे करावयाचे म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ टाकावयाचे, असा समज आहे. तो चुकीचा होय. मिठागराचे मीठही चालत नाही. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहून जातात. आपण गोळा करतो ते मधले साधे मीठ. जिवांना मात्र सर्वच क्षार हवे असतात. यासाठी तयार मिश्रण विकत मिळते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे साठ लिटरला दोन किलोंहून थोडे अधिक, असे प्रमाण ठेवावे. ते पेटीबाहेर बादलीत विरघळवावे व विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की नाही हे हायड्रोमीटरने पाहावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि विहिरीच्या पाण्यात कधी शेतातील खतांचा अंश असतो. म्हणून शुद्धीकरण यंत्रातून काढलेले आरओचे पाणी बरे.

पेटीतले पाणी रोज थोडे आटते. त्या जागी खारे पाणी घालावे की गोडे, असे मी मुलांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी खारे असे उत्तर दिले. वास्तविक वाफ होऊन जाते ते नुसते पाणी. मीठ पेटीतच राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. उत्तर ऐकून त्यांनी हा प्रयोग ताटलीत करून पाहिला, आणि मगच विश्वास ठेवला.

यानंतर येतो तो कठीण भाग. पेटी भरली, पंप सुरू झाला, पाणी स्वच्छ दिसू लागले, तरी त्यात मासा सोडावयाचा नाही. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासमान असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते अल्प प्रमाणात बाधत नाही. हे जीवाणू खडकांच्या छिद्रांत वस्ती करीपर्यंत चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लोटतो. त्यांच्या पोषणासाठी रिकाम्या पेटीत माशांच्या खाद्याची चिमूट टाकीत राहावे. तपासणीच्या थेंबांनी अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आलेली दिसली, की पेटी तयार झाली असे समजावे. आमच्या मुलांनी भिंतीवर तक्ता लावून रोज आकडे लिहिले. सहाव्या आठवड्यात दोन्ही रकान्यांत शून्य आले, तेव्हा मासा नसलेल्या त्या पेटीभोवती त्यांनी टाळ्या वाजविल्या.

याच काळात दोन तरुणांनी मला आपला बेत सांगितला. सुट्टीत गोव्याला जाऊन छिन्नीने पोवळ्याचे दोन तुकडे काढून आणावे, म्हणजे पेटीला शोभा येईल. हेतू वाईट नव्हता. तथापि मी त्यांना थोपविले, आणि गॉस यांची हकिकत सांगितली. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली आपला ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने इंग्लंडात घरोघरी अशा पेट्यांचे वेड लागले, आणि लोकांनी किनारेच्या किनारे ओरबाडून काढले. आपल्याच लेखनाने ती सुंदर डबकी ओस पाडली याचे त्यांना किती दुःख झाले, हे त्यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ सालच्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. गोलसर पोवळे वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. ओंजळीत मावणारा तुकडा घडण्यास लागलेली वर्षे त्या तरुणांच्या वयाएवढी भरतील.

शिवाय कायदाही स्पष्ट आहे. २००१ सालापासून सर्व पाषाणी पोवळी, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. मेलेले पोवळे उचलून आणणेही क्षम्य नाही. म्हणून आमच्या पेटीतील खडक भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र असे आहेत. प्रारंभी ते पांढरेफटक व ओके दिसत. पहिल्या गोगलगायींच्या शंखांवरून गुलाबी कठीण शेवाळ आले, ते हळूहळू खडकांवर पसरले, आणि वर्षभरात पांढरा रंग शोधावा लागू लागला. ते दोघे तरुण आता हे पाहुण्यांना अभिमानाने दाखवितात.

प्रथम गोगलगायी, नंतर दोनतीन आठवड्यांनी क्लाऊनफिशची लहान जोडी, असा क्रम ठेवावा. एवढ्या पाण्यात दोन किंवा फार तर तीन लहान मासे पुरेत. क्लाऊनफिश पैदासकेंद्रातलेच मागावे. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास यशस्वी केली आहे. हे मासे जन्मतः नर असतात, व जोडीतील मोठा पुढे मादी होतो. पिशवीतून आणलेला मासा एकदम पेटीत सोडू नये. पेटीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीत घालून त्याला सवय होऊ द्यावी. खाद्य दिवसातून दोनदा, तेही दोन मिनिटांत संपेल इतकेच. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे, उष्णता २५ ते २६ अंश ठेवावी. आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावाच. पोवळी नसल्यामुळे महागड्या प्रखर दिव्यांचीही गरज पडत नाही.

एकदा एप्रिलमध्ये पाणी २९ अंशांवर गेले, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मुलांनी आळीपाळीने पंख्याने वारा घातला. त्या दिवशी मी त्यांना सांगितले की, खऱ्या समुद्रातील पोवळ्यांवरही हाच प्रसंग येतो; पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी तापलेले राहिले, की त्यांना अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल निघून जाते व ती पांढरी पडतात. अशी जगभर पसरलेली चौथी आपत्ती २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केली. एक अंश म्हणजे किती, हे त्या मुलांना आता समजावून सांगावे लागत नाही.

ज्या घरी सहा आठवडे रिकामे पाणी पाहत बसण्याइतकी सबुरी आहे, त्यांनी अशी पेटी अवश्य ठेवावी. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी मे महिन्यात ओहोटीच्या वेळी मुलांना खडकाळ किनाऱ्यावर न्यावे, डबक्यांत मनसोक्त डोकावू द्यावे, आणि रिकाम्या हातांनी घरी परत आणावे.