देवडीवरचा २५११

सिस्को २५११ या राउटरला रूप असं नाहीच. पत्र्याचा चपटा डबा, मागे दोन जाड कनेक्टर, आणि प्रत्येकाला आठ शेपट्या फुटलेली ऑक्टल केबल. सोळा शेपट्या, सोळा मॉडेम. नव्वदच्या दशकात घरून किंवा शाखेतून फोन लावून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, तर अशाच एखाद्या डब्यापुढे हजेरी लावावी लागे.

स्वभाव वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्याचा. फोन उचलणं मॉडेमचं काम. त्याला ‘एस-शून्य बरोबर एक’ सांगून ठेवलं की पहिल्या रिंगला उचलतो. शिट्ट्या, खरखर, जे काय चालतं ते दोन मॉडेममध्ये. २५११ तोंड उघडतो तो ‘कोण?’ विचारायलाच. ओळख पटवायला पॅप पद्धत लावली तर पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून येतो. ते याला शोभत नाही. चॅपमध्ये हा एक आकडा पुढे टाकतो, पलीकडच्याने तो पासवर्डात घोळून उत्तर द्यायचं, पासवर्ड मात्र स्वतःपाशीच ठेवायचा. पटलं तर साठ्यातला एक आयपी पत्ता हातावर ठेवतो. कुठे कुठे एवढ्यावरही भागत नसे. फोन ठेवून नोंदलेल्या नंबरवर हा स्वतः उलटा फोन करी. (बिल ऑफिसच्या माथी, त्यामुळे या संशयीपणाबद्दल फोन करणाऱ्याची तक्रार नसावी!)

खरी गोम फोन ठेवण्यात आहे. लाइन मध्येच तुटली, तर मॉडेमने कॅरिअर गेल्याची खूण करायची आणि याने ती पाहून सेशन बंद करायचं. पण मॉडेम ‘कॅरिअर कायम आहे’ असंच सांगत राहिला, किंवा लाइनवर ‘मॉडेम इनआउट’ लिहायचं राहून गेलं, तर याला कुणी गेल्याचा पत्ताच लागत नाही. सेशन उघडंच. पुढचा फोन करणारा, ना नाव ना पासवर्ड, थेट आधीच्याच्या जागी जाऊन बसतो. आधीचा ॲडमिन असेल आणि ‘इनेबल’ करून बसलेला असेल, तर सगळा कारभारच त्याच्या हाती. शिरण्याच्या वेळी एवढी झडती, आणि निघताना ही गत.

ब्रॉडबँड आलं, मॉडेम भंगारात गेले, २५११ टिकला. सेकंडहँड घेऊन सीसीएनए परीक्षेच्या पोरांनी त्याच शेपट्या इतर राउटरांच्या कन्सोलला जोडल्या. २५११च्या पोर्ट २००१वर टेलनेट केलं की पहिल्या केबलपलीकडचं यंत्र पुढ्यात. फक्त जुनी खोड जात नाही. समोरचा राउटर सुरू होताना कन्सोलवर बडबडतो, याला वाटतं कुणी आलं. मग हा त्याच्याशीच बोलायला लागतो आणि लाइन अडवून बसतो. आपण टेलनेट करावं तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. त्या सोळा लाइनींवर ‘नो एक्झेक’ लिहिल्याखेरीज गप्प बसत नाही.