माळ्यावरची वही

यंदाच्या रमजान ईदला आम्ही सगळी भावंडं चिपळूणकडे गावच्या घरी जमलो. पुण्याहून येणाऱ्यांची गाडी कुंभार्ली घाटात तापली. घरी येऊन टेकतो तोच मिक्सर जळाला. मग शीरखुर्म्याचा मेवा भाभींनी अडकित्त्यानं कातरला. (तो अधिक चवदार झाला, हे मात्र खरं.)

बासी ईदला कौलं चाळताना माळ्यावर दादाजानांची हिशेबाची वही सापडली. मोडीतली. आधी आडवी रेघ ओढून, मग हात न उचलता लिहिलेली ती लपेटी अक्षरं आमच्यापैकी एकालाही वाचता येईनात. 'तुम्ही मराठी छान बोलता हं' असं आम्हाला ऐकवणाऱ्यांनाही ती आली नसती, ते सोडा. शेजारचे निवृत्त गुरुजी आले. भात, पेंढा, बैलाची वेसण... आणि मध्येच, 'मुलीचे शाळेस पाटी, चार आणे.' साल १९५१.

ती मुलगी म्हणजे आमच्या फूफीजान, आता ऐंशी पार केलेल्या. अब्बांचा शाळेला विरोध होता, पाटी अम्मीनं अंडी विकून चोरून घेतली, असं त्या जन्मभर सांगत आलेल्या. ती ओळ त्यांनी गुरुजींकडून दोनदा वाचून घेतली.

"अब्बांनीच घेतली होती तर," एवढंच म्हणाल्या. वही माळ्यावर परत ठेवू दिली नाही.