लातूरचे? मग तर नकोच

समुद्रकिनाऱ्यावर शिट्ट्या फुंकत फिरणाऱ्या जीवरक्षकांविषयी माझं मत बरीच वर्षं काही चांगलं नव्हतं, आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. गुडघ्याच्या पुढं जायचं नाही, लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय टाकायचा नाही, शिट्टी वाजली की निमूट बाहेर. एवढं सोवळं पाळायचं तर लातूरहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून कोकणात यायचं कशाला?

रागाचं कारण सरळ होतं. मला पोहता येतं. औसा तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर चुलत्यानं पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला आणि "भितोस काय रं, मी हाय ना" म्हणत वरून ढकलून दिलं. मे संपायच्या आत डबा सुटला. पुढच्या उन्हाळ्यात असा मुटका मारायचो की काठावर धुणं धुणाऱ्या बायका शिव्या घालायच्या. अशा माणसाला रत्नागिरीकडच्या एका किनाऱ्यावर विशीतल्या पोरानं कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं. "काका, कुठून आलात?" म्हटलं, लातूर. "मग तर नकोच."

हे फार झोंबलं. त्यात त्या पोराचा कारभार मला मनमानी वाटत होता. काल साडेतीनला सगळ्यांना बाहेर काढलं, आज सव्वाचारपर्यंत चालतंय. नियम म्हणावा तर रोज वेगळा.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते आजोबा पूर्वी मासेमारी करायचे. रात्री जेवताना मी हे गाऱ्हाणं सांगितलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज तिथी कोणती?" मग हिशेब मांडला. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तास ओहोटी, आणि ओहोटीत पाण्यात राहायचं नाही. काल तृतीया होती, आज चतुर्थी. भरती पाऊण तासानं पुढं सरकली, म्हणून शिट्टीही पाऊण तासानं सरकली. पोराचं घड्याळ बरोबर होतं, ते भिंतीवरचं नव्हतं इतकंच. आमच्या घरीही कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यात आम्ही चतुर्थी बघतो ती उपासासाठी.

मत बदलायला तिथून सुरुवात झाली, पण पुरतं बदललं ते नंतर, रिप करंट म्हणजे काय ते वाचल्यावर. किनाऱ्यावर आपटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या बांधात कुठं खिंड असली की तिथून ते एका अरुंद पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून परक्याला तीच जागा सगळ्यांत शांत वाटते आणि तो नेमका तिथंच उतरतो. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू पान झानलेनं १०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांत केला, म्हणजे सेकंदाला दोन मीटरहून जरासा जास्त. तेव्हा काठाकडे तोंड करून हात मारत राहणं हे विक्रमवीरालाही जमायचं नाही. करायचं असतं ते असं की घाबरून झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग काठाकडे वळायचं. विहिरीनं मला नेमकं उलटं शिकवलेलं. तिथं काहीही झालं तरी काठ चार हातांवर असतो. दम लागला की सरळ काठ गाठायचा. म्हणजे "लातूर" ऐकून त्या पोराला काळजी वाटली ती मला पोहता येत नाही म्हणून नव्हे, येतं म्हणून.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. तिथी वद्य अष्टमीच्या आसपासची, म्हणजे उधाणाचेही दिवस नव्हते. आजोबांचं गणित येऊनही ते पुरत नाही, हे मला तेव्हाची तारीख पंचांगाशी ताडून पाहिल्यावर कळलं. कुठल्या किनाऱ्याला कुठं खड्डा आहे, कुठं ओढ आहे, हे तिथं रोज उभा राहणाराच सांगू शकतो.

आणि आमच्या लातूरकडची माणसं पाण्यात पुढं का जातात तेही जरा बघा. त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी भरायच्या जागांभोवती १४४ कलम लावावं लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या शहरात पाण्याच्या टाकीजवळ जमावबंदी होती, तिथलं पोरगं समुद्र बघितल्यावर गुडघ्यापाशी थांबेल कसं? शिवाय त्याला माझ्यासारखी विहीरही मिळालेली नाही. विहिरी आटल्या, बोअर आले, आणि बोअरमध्ये कुणी पोहायला शिकत नाही.

तरी सगळ्याच बंदीला मी मान डोलावलेली नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. अशा दुर्घटनेनंतर मनाई आदेशांचे कागद निघतात, आणि पावसाळा सरला की कागदही सरतात. इथं नांदेडला नोकरीनिमित्त राहतो म्हणून दर पावसाळ्यात बघतो. वर विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की खाली गोदावरी झरझर चढते. किती पाणी सोडलं ते आधी ठाऊक असतं, सतर्कतेचा इशारा मोबाइलवर फिरतो. पण गोवर्धन घाटावर पायरीवर बसून पाय बुडवणाऱ्या बाईच्या हातात तो मोबाइल नसतो. तिला हवी शिट्टी, आणि ती वाजवणारं, तिच्याशी बोलीत बोलणारं माणूस. ते पावसाळ्यात प्रत्येक घाटावर दिवसभर असायला हवं. पैनगंगेवर सहस्रकुंड धबधब्याला तर सुट्टीच्या दिवशी जत्रा असते. तिथंही तसंच.

कोकणातल्या नियमांशी माझं एक भांडण अजून शिल्लक आहे. गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये जीवरक्षकाच्या नजरेखाली पोहता येतं. बंदी असली तर ती का आणि कुठं हे झेंडा सांगतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सरसकट गुडघा. पोहता येणाऱ्याला पन्नास पावलांची का होईना, राखलेली जागा द्या आणि भरतीची त्या दिवशीची वेळ खडूनं फळ्यावर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला मी हे त्या पोराला सांगणार आहे. तो म्हणेल, काका, माणसं वाढवून द्या मग. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.