कानाने केलेले मुद्रितशोधन

‘प्रकरण 6, 12 मिनिटे 40 सेकंद : दीड ओळ सुटली आहे.’

अशा नोंदी लिहून पाठवणे हे माझे काम. पुण्यातल्या एका छापखान्यात मी 22 वर्षे मुद्रितशोधक होते. आता डोळ्यांच्या जोडीला कान लावते. समोर पुस्तक उघडे ठेवायचे, हेडफोन चढवायचा आणि कुणीतरी आपल्या घरी बसून वाचलेले प्रकरण शब्दाला शब्द लावत शेवटपर्यंत ऐकायचे. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असल्या की वाचणाऱ्याचा डोळा हमखास एका ओळीवरून दुसरीवर घसरतो. त्याला ते कळत नाही, कारण वाक्य तरीही जुळलेले असते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे अगदी असेच व्हायचे.

हे काम मी लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर शिकले. ऑगस्ट 2005 मध्ये माँट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी लोकांना साद घातली, की स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके आपणच वाचू, प्रत्येकाने एकेक प्रकरण घ्यावे. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅडचे ‘द सीक्रेट एजंट’. आज तिथे 10,000हून कितीतरी अधिक पुस्तके आहेत, ऐकायला फुकट आणि वाचणाऱ्यालाही एक पैसा नाही. कामाची वाटणी सरळ आहे. एक जण पुस्तक अंगावर घेऊन प्रकरणे वाटतो, वाचणारे वाचतात, एक जण ऐकून तपासतो. नवा माणूस आला की आधी मिनिटभराचा नमुना पाठवतो. त्यात पंख्याची घरघर किंवा आवाजाची पातळी कळते, आणि ती कशी सुधारायची ते कुणीतरी समजावून सांगते. स्टुडिओ कुणाकडेच नसतो. कपड्यांचे कपाट उघडून त्यात तोंड घालून वाचले की आवाज घुमत नाही. आमच्यातल्या एकीने दोन खुर्च्यांवर गोधडी टाकून आडोसा केला आहे. प्रकरण संपल्यावर पाच सेकंद शांतता सोडायची असते. त्या शांततेत शेजारचा कुकर शिट्टी देतो, मग ती कापायची.

इंग्रजी पुस्तकांवर हात बसल्यावर आम्ही सातआठ जणांनी हीच पद्धत मराठीसाठी उचलली आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी घेतली. तिथे मराठीची खास अडचण समोर आली. ‘जग’ हा शब्द घ्या. दुनिया या अर्थाने त्यातला ज एक, ‘तू जग’ म्हणताना दुसरा. लिहिताना दोन्ही सारखेच. म्हणजे वाचणाऱ्याने तोंड उघडण्याआधी वाक्याचा शेवट पाहिलेला हवा. दुसरी अडचण जुन्या छपाईची. 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कांहीं’ असे अनुस्वारच अनुस्वार. तरुण वाचक ते सगळे नाकातून म्हणू लागले. मी प्रत्येक ठिकाणची वेळ टिपून यादी पाठवली. मग रत्नागिरीकडच्या एका बाईंचे प्रकरण आले. त्यांचे अनुनासिक उच्चार त्यांच्या घरचे होते, आजीपासून आलेले. ते मी कोणत्या अधिकाराने काढायला सांगणार होते?

खरे तर हा धडा मला आधीच मिळाला होता. तपासणाऱ्याने वाचनशैलीवर, बोलण्याच्या ढंगावर शेरा मारायचा नाही, छापलेले शब्द आले की नाही तेवढेच पाहायचे, हा लिब्रिवॉक्सचा नियम. सुरुवातीला तो मला पटला नव्हता. यवतमाळच्या एका बाईंच्या हेलावर मी चार शेरे लिहिले. पुस्तक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, “शब्द चुकलाय का ताई?” चुकला नव्हता. मी शेरे मागे घेतले, पण कुरकुरतच. पुढे दृष्टी गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही ती प्रकरणे ऐकवली. प्रकरणांचे आकडे त्यांच्या लक्षात राहत नसत. “त्या वऱ्हाडच्या बाईंचं परत लावा,” असे ते म्हणायचे. ही कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली कहाणी आहे. यवतमाळची यमू, रत्नागिरीची यमू, बडोद्याची यमू अशी ती ऐकल्यापासून एकाच घोटीव आवाजातले वाचन मला अपुरे वाटते. मराठी म्हणजे पुण्याची मराठी हे छापखान्यात माझ्या अंगात मुरलेले मत होते, आणि ते चुकीचे होते.

पुस्तक निवडताना कायदा पाहावा लागतो आणि तिथे जीव हळहळतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, म्हणून 1 जानेवारी 2011पासून ‘श्यामची आई’ भारतात सर्वांची झाली. लिब्रिवॉक्सला मात्र अमेरिकेचा कायदा लागू आहे, आणि 1935 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला तो 95 वर्षे मोजतो. तिथे ते 2031च्या जानेवारीत मोकळे होईल. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीच्या मुलांना मराठी नीट समजते, पण देवनागरी वाचता येत नाही. अशा मुलांसाठी हेच पुस्तक आधी वाचावे असे आम्हा सगळ्यांच्या मनात होते. हरिभाऊ 1919मध्ये गेले. त्यांची ही कादंबरी दोन्हीकडे मोकळी आहे.

हे लिहिते आहे तेव्हा नवरात्र चालू आहे. सहाव्या प्रकरणातली सुटलेली दीड ओळ परवा नव्याने वाचून आली. मध्यंतरी ते प्रकरण वाचणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती, त्यामुळे तेवढाच तुकडा वेगळ्या गळ्याचा वाटत होता. मी त्यांना सबंध परिच्छेद पुन्हा वाचायची विनंती केली, त्यांनी तो रात्री अकरानंतर, गरबा थांबल्यावर वाचला. अजून तीन प्रकरणे यायची आहेत. ती वसुबारसेच्या आत हवीत. एकदा फटाके सुरू झाले की आठवडाभर कुणालाच माइक उघडता येत नाही.